छप्पर उडाल्यावर

घर म्हणजे काय, असे शाळेतल्या मुलाला विचारले तर तो चार भिंती, दार, खिडकी आणि वर छप्पर असे चित्र काढून दाखवितो. संसार चालविणाऱ्या बाईला हाच प्रश्न विचारला, तर ती आणखी पुष्कळ गोष्टी सांगेल. चूल कोठे, पाणी कोठून, म्हाताऱ्या सासूबाईंना रात्री उठायचे झाले तर वाट कशी, तान्ह्याचे लंगोट वाळवायचे कोठे, दाराला आतून कडी आहे की नाही! या सर्व गोष्टी मिळून घर होते. एखाद्या संकटाने हे सारे पाच-दहा मिनिटांत नाहीसे झाले, तर त्या कुटुंबाला पहिल्या रात्री कोठे निजवायचे, पुढचे महिने कोठे ठेवायचे आणि शेवटी त्याचे स्वतःचे घर पुन्हा कसे उभे करायचे, हा प्रश्न जगात ठिकठिकाणी लोकांना पडला आहे. तो कसा कसा सोडविला गेला आणि कोठे अपुरा राहिला, याचा थोडासा इतिहास मंडळाच्या वर्धापनदिनानिमित्त भगिनींपुढे ठेवावा, असे योजिले आहे. यासाठी मुद्दाम अमेरिकेतल्या टोर्नाडोची हकीकत निवडली आहे. कारण टोर्नाडोइतक्या थोड्या वेळात घर नेणारे दुसरे संकट क्वचितच असेल.

प्रथम टोर्नाडो म्हणजे काय ते पाहू. आपल्या कोकणाला चक्रीवादळाचा अनुभव आहे. ते समुद्रावर जन्मते, शेकडो किलोमीटर पसरलेले असते आणि त्याची वर्दी एक-दोन दिवस आधी मिळू शकते. टोर्नाडोचे तसे नाही. तो गडगडाटी ढगाच्या पोटातून खाली उतरणारा, गरगर फिरणारा वाऱ्याचा खांब होय. आपल्या माळरानावर चैत्र-वैशाखात धुळीची वावटळ उठते, ती जमिनीतून वर जाते आणि कुणाचे काही फारसे बिघडवीत नाही. टोर्नाडो वरून खाली येतो आणि त्याचा वेग ताशी तीनशे किलोमीटरांच्याही पुढे जाऊ शकतो. त्याची रुंदी कधी शंभर-दोनशे मीटर, तर कधी दीड किलोमीटर. त्यामुळे रस्त्याच्या एका बाजूची घरे भुईसपाट आणि दुसऱ्या बाजूला कुंड्यादेखील जागच्या जागी, असे दृश्य दिसते. मेक्सिकोच्या आखातावरून येणारी दमट उष्ण हवा आणि पश्चिमेकडच्या डोंगरांवरून येणारी कोरडी हवा यांची गाठ अमेरिकेच्या मध्यभागातील सपाट प्रदेशावर पडते. म्हणून तेथे हे संकट फार. परंतु आपला उपखंडही त्यातून सुटलेला नाही. १७ मार्च १९७८ रोजी दिल्लीच्या उत्तर भागात, विद्यापीठाच्या परिसरात, असा वारा उतरला होता आणि त्यात २८ माणसे दगावली. बांगलादेशात माणिकगंज जिल्ह्यात २६ एप्रिल १९८९ रोजी झालेल्या टोर्नाडोत सुमारे तेराशे लोक मेले. आजवरच्या नोंदींत हा सर्वांत प्राणघातक टोर्नाडो समजला जातो.

आता आपल्या मूळ विषयाकडे वळू. संकटग्रस्तांना मदत करण्याची वृत्ती माणसात पूर्वापार आहे. पण तिला व्यवस्थेचे रूप देण्यात ज्या व्यक्तींचा मोठा वाटा आहे, त्यांत एक स्त्री अग्रभागी आहे. तिचे नाव क्लारा बार्टन. १८२१ च्या नाताळच्या दिवशी मॅसेच्युसेट्समध्ये तिचा जन्म झाला. आरंभी ती शिक्षिका होती. नंतर वॉशिंग्टनला सरकारी कचेरीत कारकून झाली. त्या काळी सरकारी कचेरीत बाई दिसणे हीच नवलाची गोष्ट होती. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तेव्हा ती औषधपाणी आणि शिधा घेऊन रणांगणावर गेली. युद्ध संपल्यावर तिने जे काम केले, ते मला अधिक महत्त्वाचे वाटते. युद्धात बेपत्ता झालेल्या शिपायांचे काय झाले, हे त्यांच्या आयांना आणि बायकांना कळावे म्हणून तिने एक कचेरी उघडली. पत्रे घेतली, याद्या केल्या, त्या छापून गावोगाव लावल्या आणि बावीस हजारांहून अधिक बेपत्ता माणसांचा माग लावला. तंबू आणि ब्लँकेटे यांच्याइतकीच संकटात नावांच्या वहीची गरज असते, ही गोष्ट तिला तेव्हाच उमजली होती.

१८८१ साली, वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी, तिने अमेरिकन रेड क्रॉस स्थापन केली. युरोपात रेड क्रॉस ही युद्धातील जखमींसाठी होती. बार्टनबाईंचे म्हणणे असे की, शांततेच्या काळातही आग, पूर, वादळ यांनी माणसे घायाळ होतात, निराधार होतात, तर त्यांना ही संस्था का नसावी? हा विचार पुढे जगभरच्या रेड क्रॉसने स्वीकारला. फेब्रुवारी १८८८ मध्ये इलिनॉय राज्यातील माउंट व्हर्नन या गावावर रविवारी दुपारी टोर्नाडो आला. गावाचा मधला भाग आणि न्यायकचेरी कोसळली, पाठोपाठ आग लागली, आणि त्यात ऐन हिवाळा. बार्टनबाई तेथे गेल्या. तेथून त्यांनी वृत्तपत्रांसाठी अगदी थोड्या शब्दांत निरोप पाठविला की, लोक घरावाचून आहेत आणि त्यांच्यावर बर्फ पडत आहे. दूरदूरच्या शहरांतून मदत सुरू झाली ती या एका निरोपामुळे. नेमके काय घडले आहे आणि नेमके काय हवे आहे हे वेळेवर सांगणे, हीसुद्धा मदतच असते.

पुढच्याच वर्षी, ३१ मे १८८९ रोजी, पेनसिल्व्हेनियातील जॉन्सटाउन या पोलादाच्या गावावर, वरच्या अंगाचे धरण फुटून पाण्याचा लोंढा आला. २,२०९ माणसे मेली. ९९ कुटुंबे समूळ नाहीशी झाली. हे टोर्नाडोचे संकट नव्हे. पण छपराचा विचार येथे प्रथमच पद्धतशीर झाला, म्हणून तो सांगणे भाग आहे. सदुसष्ट वर्षांच्या बार्टनबाई आपल्या मंडळींसह तेथे पाच महिने राहिल्या. पहिल्या दिवसांत तंबू ठोकले गेले. मग शिकागोहून तयार लाकडी घरे आगगाडीने आली. ती मूळची ओक्लाहोमाच्या मैदानात वस्ती करू जाणाऱ्यांसाठी बनविलेली होती, म्हणून लोक त्यांना ‘ओक्लाहोमा’च म्हणत. त्यांतील लहान घर दहा फूट रुंद आणि वीस फूट लांब. म्हणजे आपल्या चाळीतील एक खोली. पेनसिल्व्हेनियाच्या थंडीला ती पुरी पडेनात. रेड क्रॉसने मात्र आणखी एक निराळी गोष्ट केली. लाकडाच्या दुमजली मोठ्या इमारती उभारल्या. त्यांत निरनिराळ्या खोल्या, स्वयंपाकघर, धुण्याची आणि न्हाण्याची सोय. या इमारतींना नाव दिले ‘रेड क्रॉस हॉटेल’. अनाथाश्रम किंवा छावणी असे नाव न देता हॉटेल हे नाव योजण्यात बाईंची दृष्टी दिसते. कालपर्यंत ज्यांचे स्वतःचे घर होते, त्यांना भिकाऱ्यासारखे वाटू नये, पाहुण्यासारखे वाटावे, ही ती दृष्टी होय.

यानंतर छत्तीस वर्षांनी अमेरिकेच्या इतिहासातील सर्वांत भयंकर टोर्नाडो आला. १८ मार्च १९२५, बुधवार. दुपारी एकच्या सुमारास मिसुरी राज्यात तो जमिनीला टेकला आणि इलिनॉय ओलांडून इंडियाना राज्यात साडेचारच्या सुमारास विरला. साडेतीन तासांत सुमारे साडेतीनशे किलोमीटर त्याने तुडविले. म्हणजे मुंबई-पुण्याच्या अंतराच्या दुपटीहून जास्त. ६९५ माणसे मेली, दोन हजारांहून अधिक जखमी झाली, आणि सुमारे पंधरा हजार घरे गेली. एकट्या मर्फिसबरो गावात २३४ मृत्यू. डी सोटो या लहानशा गावात शाळा भरलेली होती. तेथे ३३ मुले शाळेतच गेली. त्या काळी हवामान खात्याच्या अंदाजात ‘टोर्नाडो’ हा शब्द वापरावयास बंदी होती. लोक घाबरून जातील, ही सबब! त्यामुळे त्या दिवशी कुणालाच सूचना मिळाली नाही. सांगितले नाही म्हणून लोक घाबरले नाहीत, हे खरे. पण लपलेही नाहीत.

या टोर्नाडोतील एका गावाची गोष्ट स्त्रियांनी विशेष लक्षात ठेवावी अशी आहे. वेस्ट फ्रँकफर्ट हे कोळशाच्या खाणीचे गाव. वारा आला तेव्हा शेकडो पुरुष जमिनीखाली दीडशे मीटर खोल कामावर होते. वीज गेली, पाळणे बंद पडले, तेव्हा वर काहीतरी बिघाड झाला एवढेच त्यांना कळले. अरुंद बोगद्याच्या जिन्याने ते एकेक करून वर आले, तो आपली घरे जागेवर नाहीत! त्या गावात मेलेल्यांत बहुसंख्य स्त्रिया आणि मुले होती. खाणीत जाणारा सुखरूप आणि घरात चुलीपाशी असणारी बळी, असा उलटा न्याय त्या दिवशी झाला. घर हे सुरक्षित ठिकाण आहे ही आपली समजूत घराच्या बांधणीवर अवलंबून असते, हे यावरून दिसते.

मर्फिसबरोत पाणीपुरवठा बंद पडला होता, त्यामुळे लागलेली आग विझविता आली नाही. जखमींना आगगाड्यांतून कार्बनडेल व इतर गावी नेले. लष्कराच्या धर्तीच्या तंबूंची रांगच्या रांग गावाबाहेर उभी राहिली. मार्चची थंडी, खाली चिखल, आणि एका तंबूत एक कुटुंब. मदतीची सूत्रे रेड क्रॉसकडे होती. त्यांनी जी वाटपाची पद्धत चालविली, तिच्यावर त्या काळी वाद झाले आणि आजही होतात. ज्याचे जितके गेले तितके त्याला, असे त्यांनी केले नाही. ज्याला पुन्हा उभे राहण्यास जितके लागेल, तितके त्याला, हे त्यांचे सूत्र. त्यासाठी घरोघर जाऊन विचारपूस करावयाची, मिळवते कोण, खाणारी तोंडे किती, आजारी कोण, हे लिहून घ्यावयाचे. दोन घरे गमावलेल्या धनिकाला हे रुचणार नाही हे उघड आहे. पण भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या विधवेची नोंद झाली, ती या सूत्रामुळेच. नुकसानाप्रमाणे वाटप केले असते, तर कागदोपत्री तिचे काहीच गेलेले नव्हते!

तरीही तंबूने आणि तुकड्यातुकड्याच्या मदतीने गाव पूर्ववत झाले, असे मात्र नव्हे. मर्फिसबरोत रेल्वेचे कारखाने होते, ते पडले. १९२० च्या शिरगणतीत त्या गावाची वस्ती दहा हजारांवर होती. १९३० मध्ये ती आठ हजारांच्या घरात आली. पॅरिश नावाचे लहान गाव तर पुन्हा कधी पूर्वीसारखे उभेच राहिले नाही. घर बांधून दिले तरी काम नसेल तर माणूस तेथे राहत नाही.

आता आपल्या काळाकडे येऊ. २२ मे २०११ रोजी, रविवारी सायंकाळी, मिसुरीतील जोप्लिन या सुमारे पन्नास हजार वस्तीच्या शहरावर टोर्नाडो आला. या वेळी अंदाज होता, भोंगे होते. पाच वाजून अकरा मिनिटांनी भोंगा झाला आणि पाच चाळीसच्या सुमारास वारा शहरात शिरला. जवळजवळ अर्धा तास हातात होता. परंतु भोंगा वारंवार वाजतो आणि दर वेळी काही होत नाही, अशी लोकांना सवय झाली होती. पुढे झालेल्या सरकारी चौकशीत हे नमूद झाले. शिवाय तेथील बहुतेक घरांना तळघर नव्हते. सुमारे १६० माणसे गेली, हजाराहून अधिक जखमी झाली, साडेसात हजारांच्या आसपास राहती घरे पडली किंवा मोडली. शहरातील एक मोठे रुग्णालय आतून पार उद्ध्वस्त झाले. एक योगायोग मात्र उपकारक ठरला. त्याच दुपारी तेथील हायस्कूलचा पदवीदान समारंभ होता, आणि तो हायस्कुलात नसून शहराच्या दुसऱ्या भागातील मिसुरी सदर्न विद्यापीठात होता. हायस्कूलची इमारत जमीनदोस्त झाली; विद्यापीठ वाचले.

त्याच विद्यापीठाच्या क्रीडागृहात त्या रात्री रेड क्रॉसने आसरा उघडला. ओळीने खाटा, ब्लँकेटे, गरम अन्न, औषधे. पहिले छप्पर ते हे. येथे एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. घरे गेलेल्या हजारो लोकांपैकी फार थोडे या आसऱ्यात निजले. बाकीचे कोठे गेले? बहिणीकडे, मामाकडे, मित्रांकडे, शेजारच्या गावी. म्हणजे अमेरिकेसारख्या श्रीमंत देशातही पहिल्या रात्रीचे खरे छप्पर हे नातलगांचे आणि शेजाऱ्यांचेच होते. सरकारी आसऱ्यात गेले ते प्रामुख्याने असे, की ज्यांना जाण्यास दुसरे घर नव्हते; एकटी म्हातारी माणसे, परगावाहून पोटासाठी आलेले, हातावर पोट असलेले. म्हणून आसऱ्यातील डोकी मोजून संकटाचे माप करू नये. पाहुण्यांनी भरलेली घरेही मोजली पाहिजेत. कारण आठवड्यानंतर त्या घरांतही शिधा संपतो, जागेवरून कुरबुरी होतात, आणि पाहुणा कितीही जवळचा असला तरी न्हाणीघर एकच असते.

दुसरे छप्पर मधल्या महिन्यांचे. जोप्लिनला जवळपासची रिकामी भाड्याची घरे लवकरच संपली. तेव्हा केंद्र सरकारच्या आपत्ती खात्याने चाकांवर आणून ठेवता येतील अशी तयार घरे आणली आणि शहराबाहेर त्यांच्या वसाहती केल्या. ५८६ कुटुंबे अशा घरांत राहिली. शेवटचे कुटुंब तेथून बाहेर पडावयास २०१३ चा जून उजाडला, म्हणजे दोन वर्षे लागली. मदत करणाऱ्यांचा उत्साह साधारणतः पहिल्या पंधरवड्याचा असतो आणि घर गेलेल्या कुटुंबाची अडचण दोन वर्षांची असते, हे या आकड्यांवरून ध्यानात येईल. शिवाय अशी हलकी घरे वाऱ्यापुढे सर्वांत दुबळी. वाऱ्याने घर गमावलेल्या बाईला पुन्हा वाऱ्याला भिण्याजोग्या घरात दोन उन्हाळे काढणे किती जड गेले असेल, याची कल्पना करावी.

जोप्लिनच्या शाळाखात्याने त्या काळात जे धोरण धरले, ते वाखाणण्यासारखे होते. निम्म्याहून अधिक मुलांच्या शाळांना इजा पोचली असता, १७ ऑगस्टला ठरल्या दिवशी शाळा उघडणारच, असे त्यांनी आठवड्याभरातच जाहीर केले, आणि त्याप्रमाणे उघडली. वरच्या दोन इयत्तांचे वर्ग बाजारपेठेतील एका रिकाम्या दुकानाच्या जागेत भरले. शाळा ठरल्या दिवशी सुरू होणार म्हटल्यावर आईबापांना गाव सोडण्याचे कारण उरले नाही. मर्फिसबरोचा अनुभव येथे जणू उलटा करून दाखविला गेला. मूल शाळेत जाऊ लागले की आईला दिवसाचे सहा तास मिळतात. त्या सहा तासांत ती कामावर जाते, अर्ज भरते, विम्याच्या कचेरीत बसते, घराची जागा साफ करते. संकटानंतरची शाळा ही मुलांइतकीच आयांची सोय आहे.

तेथे पहिल्या वर्षभरात लाखाहून अधिक स्वयंसेवक येऊन गेले. त्यांची नावे, कामाचे तास, काम कोणते, हे सारे तरुण स्वयंसेवकांच्या एका तुकडीने रोजच्या रोज लिहून ठेविले. त्या वेळी ही कारकुनी काहींना निरर्थक वाटली असेल. पण पुढे ढिगारे उपसण्याच्या खर्चात शहराने आपला म्हणून जो हिस्सा भरावयाचा होता, त्यात या नोंदलेल्या तासांची किंमत धरली गेली आणि शहराचे मोठे ओझे उतरले. वहीत लिहिलेले श्रम पैशासारखे उपयोगी पडले! आणखी एक हृद्य काम शेजारच्या कार्थेज गावातील एका चर्चमध्ये झाले. वाऱ्याने दूरदूर उडवून नेलेली कुटुंबांची छायाचित्रे लोकांनी गोळा केली. ती धुऊन, वाळवून, क्रमांक घालून मांडली, आणि ओळखतील त्यांना परत दिली. लग्नाचे, मुलांच्या बारशाचे, गेलेल्या वडिलांचे छायाचित्र पुन्हा हाती येणे, याची किंमत घर गेलेल्यालाच कळेल.

तिसरे छप्पर म्हणजे कायमचे घर. नव्या शाळा बांधताना जोप्लिनने त्यांत जाड भिंतींच्या सुरक्षित खोल्या केल्या. वादळाच्या वेळी आसपासच्या रहिवाशांनीही त्यांत यावे, अशी योजना आहे. म्हणजे पुढच्या संकटाचे पहिले छप्पर या संकटाच्या तिसऱ्या छपरातच बांधून ठेविले, असे म्हणता येईल.

हे सारे वाचताना पुण्याच्या भगिनींना १२ जुलै १९६१ आठवल्यावाचून राहणार नाही. पानशेतचे धरण सकाळी फुटले, त्याच्या लोंढ्याने खडकवासल्याचे धरणही गेले, आणि मुठाकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. धरणावर जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचून ते धरून ठेविले, म्हणून पाणी रात्री न येता दिवसाउजेडी आले आणि असंख्य जीव वाचले. जॉन्सटाउनप्रमाणेच येथेही धरण, आणि जोप्लिनप्रमाणेच पहिले छप्पर शाळांचे आणि नातलगांच्या घरांचे. वीज नव्हती, नळाला पाणी नव्हते; तेव्हा जुन्या वाड्यांतल्या विहिरी आणि पेशवेकालीन हौद उपसून लोकांनी पाणी भरले. मधले छप्पर म्हणून पन्हळी पत्र्याच्या अर्धगोल निसन झोपड्या आल्या. ही झोपडी १९१६ साली पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सैन्यासाठी निसन नावाच्या अभियंत्याने बनविली होती. ती पंचेचाळीस वर्षांनी पुण्यातल्या संसारांच्या कामी आली. पुनर्वसनाची जबाबदारी स. गो. बर्वे यांच्यासारख्या कर्तबगार अधिकाऱ्यावर सोपविली गेली. गोखलेनगर, लोकमान्यनगर अशा वसाहती उभ्या राहिल्या, पूरग्रस्तांच्या १०३ सहकारी गृहसंस्था झाल्या. या संस्थांच्या जमिनीच्या मालकीचा प्रश्न मात्र पुढे कित्येक दशके सरकारदरबारी फिरत राहिला. घरात नातवंडे खेळू लागली तरी जागा आपल्या नावावर नाही, अशी स्थिती. तिसरे छप्पर कागदावरही पुरे व्हावे लागते, हा पुण्याचा धडा जोप्लिनइतकाच मोलाचा आहे.

आणि अगदी अलीकडे, ३ जून २०२० रोजी, निसर्ग चक्रीवादळाने रायगड-रत्नागिरीच्या किनाऱ्यावर कौले आणि पत्रे उडविले, नारळी-पोफळीच्या बागा झोपविल्या. त्या वेळी करोनाची साथ होती. एकत्र निजावे तर रोगाचे भय, न निजावे तर डोक्यावर पाऊस. अशा कोंडीत कोकणातल्या बायकांनी मिरगाचे दिवस काढले.

या इतिहासातून आपल्यासारख्या लहान मंडळाने काय घ्यावे? तंबू आणि तयार घरे आणणे आपल्या आवाक्यातले नाही. ते सरकारने करावे, आणि ते करीत नसेल तर आपण ठणकावून मागावे. पण बाकी पुष्कळ गोष्टी आपल्या हातच्या आहेत. आपल्या आळीत एकटे कोण राहते, अंथरुणाला कोण खिळले आहे, कुठे बाळंतीण आहे, रोजचे औषध कुणाला लागते, याची वही वर्षातून एकदा नवी करता येईल. जवळच्या शाळेची किल्ली रात्री कुणाकडे असते, हे चौघींना तरी माहीत असावे. मंडळाची मोठी पातेली हळदीकुंकवाला निघतात, तशी संकटातही निघू शकतात. कपडे गोळा करताना फाटकी लुगडी आणि विटलेले कोट यांचे गाठोडे पाठवू नये; त्याने घेणाऱ्याचा अपमान होतो आणि निवडणाऱ्याचा दिवस जातो. त्याऐवजी नवी अंतर्वस्त्रे, बायकांचे महिन्याचे कापड, लहान मुलांचे दूध, कंदील, दोरी, कुलूप या वस्तू पाठवाव्यात. आसऱ्याच्या जागी बायकांच्या न्हाण्याला आडोसा आणि रात्री उजेड आहे की नाही, हे पाहण्यास आपल्यापैकी दोघींनी जावे. पुरुष कार्यकर्ते कितीही सज्जन असले तरी हे त्यांच्या ध्यानात उशिराच येते.

आणि सर्वांत कठीण गोष्ट अशी की, सहाव्या महिन्यात पुन्हा जावे. त्या वेळी वर्तमानपत्रवाले गेलेले असतात, पुढाऱ्यांचे दौरे संपलेले असतात, आणि पत्र्याच्या खोलीत एक बाई अर्जाचा तिसरा कागद हातात घेऊन बसलेली असते. तो अर्ज भरून देण्यास, तिच्याबरोबर कचेरीत जाऊन बसण्यास पैसा लागत नाही. वेळ लागतो, आणि तो आपल्यापाशी पाळीपाळीने काढता येण्याजोगा आहे. क्लारा बार्टन जॉन्सटाउनला पाच महिने राहिल्या, तेव्हा त्या सदुसष्ट वर्षांच्या होत्या. आपल्या मंडळातील कित्येक भगिनी त्या वयाच्या आहेत आणि त्यांचा उत्साह आम्हा तरुणींना लाजविणारा आहे, हे दर चैत्रगौरीला आपण पाहतोच. येत्या वर्षी मंडळाच्या सभेत या वहीचा विषय निघावा, आणि कुणीतरी पहिले पान आखावे, एवढी विनंती करून हा लेख पुरा करते.